लिप फिलरनंतर साधी सूज कोणती आणि डॉक्टरकडे धावायचं कधी?

मोगरा_डोंबिवली | रविवार, रात्री ९.४०

मंडळी, घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

माझ्या धाकट्या नणंदेने (वय २६) आज दुपारी चारच्या सुमारास अंधेरीला ओठांना फिलर (ओठ भरदार दिसावेत म्हणून टोचतात ते जेल) करून घेतलं. तीन आठवड्यांनी साखरपुडा आहे. घरात फक्त मला माहीत आहे, सासूबाईंना "ऑफिसच्या मैत्रिणीकडे गेलीये" अशी थाप मारली आहे.

सातला घरी आली तेव्हा दोन्ही ओठ सुजलेले होते. ते होणारच, असं तिला तिथेच सांगितलं होतं. पण आता वरच्या ओठाची उजवी बाजू मला वेगळी वाटतेय. सूज दोन्हीकडे सारखीच आहे, फरक रंगात आहे. उजवीकडे पांढुरकं पडलंय आणि तिथून वर नाकपुडीकडे जांभळट रेघारेघा दिसतात. जिथे केलं तिथे फोन लावला तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणते, "नॉर्मल आहे मॅम, बर्फ लावा, दोन दिवसांत उतरेल." नणंदबाई म्हणतात की तासाभरापूर्वीपर्यंत काही दुखत नव्हतं, आता ठणकतंय.

कुणाला अनुभव आहे का? हे साधं आहे की मी उगाच घाबरतेय?

कटिंगचहा | ९.४८

माझ्या बहिणीने केलं होतं. पहिल्या दिवशी बदकासारखी दिसत होती, चौथ्या दिवशी माणसात आली. बर्फ लावा, उशी उंच घेऊन झोपा. काळजी नसावी.

दादरचा_दामू | ९.५२

देवाने दिलेले ओठ बरे नव्हते का? आमच्या वेळी पोरी पान खाऊन ओठ लाल करत, तेवढ्यात लग्नं व्हायची.

गिरगावकरीण | ९.५५

दामूकाका, तुमचे कलप लावलेले केस आम्ही गेल्या वर्षीच्या कट्ट्याला पाहिलेत. आता बाजूला व्हा, ती बाई घाबरलीय.

मोगरा, मी त्यातली जाणकार नाही, पण सूज आणि रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढं कळतं. कुणी डॉक्टर जागे असतील तर बघा रे.

त्वचावाली | ९.५९

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. मोगरा, बर्फ लावला असेल तर आधी काढ. नंतर कितीही वाच, आत्ता हे कर.

चांगल्या उजेडात बसव, लिपस्टिक किंवा मलम असेल तर पुसून काढ. वरच्या ओठाच्या डाव्या बाजूला बोटाने पाच सेकंद दाबून धर आणि सोड. दाबलेली जागा पांढरी होईल, ती परत गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते मोज. मग तेच उजवीकडे, आणि नाकपुडीच्या बाजूच्या त्या रेघांवरही. ओठ उलटवून आतूनही बघ. दोन्ही बाजूंचे आकडे इथे लिही.

आणखी विचार : डोळ्यांना दिसण्यात काही फरक पडलाय का, श्वास घेताना त्रास होतोय का, जीभ सुजली आहे का. यातलं एकही "हो" असेल तर इथे लिहीत बसू नकोस, १०८ ला फोन कर.

मोगरा_डोंबिवली | १०.०६

डोळे ठीक, श्वास ठीक, जीभ ठीक.

डावीकडे बोट काढताक्षणी रंग आला. उजवीकडे मी मनात एक दोन तीन चार पाच मोजलं तरी पांढरंच. सहाला हळूहळू काहीतरी आलं, तेही गुलाबी नाही, निळसर. हाताला ती बाजू गारही लागतेय. रेघा म्हणजे कशा सांगू, संगमरवराच्या लादीत असतात तशी जाळी.

त्वचावाली | १०.०८

निघा. आत्ता. सकाळची वाट बघू नका.

दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. तुमच्याकडे सहा लागतायत, जाळी दिसतेय, गार आहे, ठणकतंय. फिलर एखाद्या रक्तवाहिनीत गेलंय किंवा बाहेरून तिला दाबतंय, असंच धरून चालायचं. यावर औषध आहे, हायल्युरोनिडेज नावाचं इंजेक्शन, ते फिलर विरघळवतं. जितकं लवकर तितकं चांगलं.

ज्याने टोचलं त्या व्यक्तीचा नंबर मागा, रिसेप्शनचा नको. उचलला नाही तर थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा, जिथे प्लास्टिक सर्जन किंवा त्वचेचा डॉक्टर रात्री बोलावता येतो. जाण्याआधी फोन करून "हायल्युरोनिडेज आहे का" एवढंच विचारा. डोळ्याच्या ऑपरेशनच्या भुलीत तेच वापरतात, त्यामुळे डोळ्यांचा विभाग असेल तिथे बहुधा सापडतं. मुंबईतल्या मोठ्या पालिका हॉस्पिटलांपैकी तुम्हाला सायन जवळचं.

दोन गोष्टी बरोबर घ्या : फिलरचा खोका किंवा त्यावरचा स्टिकर, आणि तिला मधमाशी चावून कधी अंगावर सूज आली होती का, याचं उत्तर. मधमाशीच्या विषातही हेच एन्झाइम असतं, म्हणून डॉक्टर विचारतील.

मोगरा_डोंबिवली | १०.११

खोका दिलाच नाही. इंजेक्शन कुणी दिलं त्याचं नावही तिला माहीत नाही, "मॅडम" एवढंच. निघतोय. ह्यांनी गाडी काढली. सासूबाई विचारतायत, कुठे.

लोकलप्रवासी | १०.१५

ठाण्यात हॉस्पिटल मिळालं तर सायनपर्यंत जाऊच नका. शुभेच्छा.

कटिंगचहा | १०.१७

बापरे. मीच बर्फ सांगितला वर. माफी. बर्फ का नको, हे कुणी सांगेल का? सुजेला बर्फच तर लावतात.

त्वचावाली | १०.२६

साध्या सुजेला लावतातच, त्यात तुमचं चुकलं नाही. पण गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात. जिथे आधीच रक्त पोचत नाहीये तिथे ते आणखी कमी होणार. अशा वेळी कोमट शेक देतात.

मुंबईच्या भाषेत सांगते. ओठाकडे जाणारी धमनी गालावरच्या मोठ्या धमनीची फांदी आहे, आणि तीच लाइन पुढे नाकाच्या बाजूलाही रक्त नेते. मध्ये कुठेतरी मेगाब्लॉक लागला की पुढची सगळी स्टेशनं ओस पडतात. म्हणून टोचलं ओठात, पण रंग बिघडतो नाकपुडीपाशी. हीच ओळखण्याची खूण. काळंनिळं पडणं, ज्याला आपण मुका मार लागल्यासारखं म्हणतो, ते टोचलं त्याच जागी असतं. शिवाय ते दाबलं तरी पांढरं होत नाही, कारण रक्त आधीच बाहेर सांडलेलं असतं. जाळी असते ती एका अख्ख्या पट्ट्यात पसरते.

रसायनी | १०.३४

दुखण्याबद्दल एक शंका. रक्त बंद झालं तर लगेच कळ यायला हवी ना? तिला चार-पाच तास काहीच नाही.

त्वचावाली | १०.३९

चांगला प्रश्न. बऱ्याच फिलरमध्ये लिडोकेन हे भुलीचं औषध मिसळलेलं असतं, वर मलमाची भूल, कधी दातांच्या डॉक्टरसारखं बधिर करायचं इंजेक्शनही. त्यामुळे "दुखत नाही म्हणजे ठीक" हे पहिल्या काही तासांत धरू नये. भूल उतरल्यावर दुखणं *वाढत* गेलं तर ते वाईट लक्षण. साधी सूज टोचते, ताणते, पण तासागणिक चढत नाही.

दादरचा_दामू | १०.४४

मी उगाच बोललो मघाशी. काही कळलं का त्यांचं?

गिरगावकरीण | १०.४५

अजून नाही. काका, माफ केलं. कलपाचं मात्र लक्षात ठेवू.

रसायनी | १०.५८

वाट बघताना अवांतर. फिलरमधलं हायल्युरॉनिक अ‍ॅसिड १९३४ मध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी पहिल्यांदा वेगळं काढलं, तेही गायीच्या डोळ्यातल्या काचेसारख्या द्रवातून. ग्रीकमध्ये काचेला हायालॉस म्हणतात, नावातला पहिला भाग तिथून आला. आपल्या सांध्यांत, त्वचेत ते असतंच आणि शरीर ते सतत मोडत असतं. फिलरमध्ये त्याच्या साखळ्या एकमेकींत बांधून जेल करतात, म्हणून ते महिनोन्‌महिने टिकतं. डोळ्यातून निघालेली वस्तू ओठात गेली आणि आता ती काढायचं औषध डोळ्याच्या विभागात शोधायचं, गंमतच आहे.

कटिंगचहा | ११.०२

रात्री अकराला गायीचा डोळा. जेवण झालं होतं हे नशीब.

सांजवेळ | ११.२०

मी तीनदा केलंय, ओळखीच्या डॉक्टरकडे. लपवत नाही. माझा वरचा ओठ हसताना आत दुमडून दिसेनासा व्हायचा, त्याचा मला त्रास व्हायचा. एवढंच कारण. इथे कुणी उपदेश केलात तरी चालेल.

नॉर्मल कसं असतं ते लिहिते, म्हणजे तुलना करता येईल. पहिल्या रात्री सूज, दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांत जास्त, तिसऱ्या दिवसापासून उतार. एकदा डावी बाजू उजवीपेक्षा जास्त सुजली होती, चहा ओघळायचा. दोन ठिपके काळेनिळे, आठवडाभर. आत मुगाएवढ्या गाठी लागायच्या बोटाला, त्या दोनेक आठवड्यांत गेल्या. रंग मात्र कायम गुलाबी. माझी डॉक्टर टोचून झाल्यावर वीस मिनिटं बसवून ठेवायची आणि जाताना दाबून बघायची. तेव्हा मला वाटायचं की बाई आकार बघतायत.

दुसऱ्या वेळी तिसऱ्या दिवशी ओठाच्या कडेला झिणझिण्या आणि बारीक पाण्याचे फोड, एकत्र घोसासारखे. ती नागीण-वर्गातली ओठांवरची जुनी लागण (हर्पिस) निघाली, लहानपणी तापात यायचे तसे फोड. सुईने ती जागी होते म्हणे. तिसऱ्या वेळी आधीच गोळ्या दिल्या.

त्वचावाली | ११.३१

सांजवेळ, फोडांचा मुद्दा आणलात ते बरं झालं, कारण इथे लोक फसतात. रक्तपुरवठा तुटलेल्या जागीही दोन-तीन दिवसांनी बारीक पुळ्या उठतात, आणि त्यांना हर्पिस समजून किंवा पुरळ समजून मलम लावत बसतात. आधी जाळी किंवा पांढरेपणा होता का, एवढा एक प्रश्न विचारला की बहुतेक वेळा उलगडा होतो. म्हणून पहिल्या दिवसापासून रोज एकाच खिडकीपाशी फोटो काढून ठेवावा, फिल्टर न लावता.

पार्लरताई | ११.४०

मी बोरिवलीत बावीस वर्षं पार्लर चालवते. आमच्या नावाने खडे फोडण्याआधी ऐका. मला महिन्याला दोन तरी फोन येतात : "ताई, ट्रेनिंग देतो, दोन दिवसांत सर्टिफिकेट, माल आम्हीच पुरवू." सुईशिवाय हवेच्या दाबाने ओठात जेल मारायचं पेनही विकायला आले होते. मी थ्रेडिंग, फेशियल करते, मला माझी मर्यादा कळते. माझ्याच गल्लीत एकीने ते पेन घेतलं. साडेचार हजारांत ओठ. रांग लागली होती.

त्वचावाली | ११.४६

पार्लरताई, तुम्हाला नमस्कार. त्या पेनांबद्दल अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) ऑक्टोबर २०२१ मध्ये स्पष्ट इशारा दिला होता की ते वापरू नका. दाबाने जेल किती खोल आणि कुठे जाईल यावर कुणाचाच ताबा नसतो. आणि साडेचार हजारांत आत काय भरलंय हा तर त्याहून मोठा प्रश्न. हायल्युरॉनिक असेल तर विरघळवता येतं. सिलिकॉन किंवा तसलं कायमचं काही असेल तर ते विरघळवणारं औषधच नाही.

लोकलप्रवासी | सोमवार, १२.३०

काही बातमी?

मोगरा_डोंबिवली | सोमवार, पहाटे २.५०

आम्ही ठाण्यातच थांबलो. इमर्जन्सीतल्या मुलाने आधी अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन काढलं होतं. मी त्वचावालींनी सांगितलेलं तसंच म्हटलं, "दाबून बघा, सहा सेकंद लागतायत." त्याने दाबलं, त्याचा चेहरा बदलला, आणि वीस मिनिटांत प्लास्टिक सर्जन घरून आल्या.

औषध पांढऱ्या पावडरीच्या इवल्याशा कुपीत होतं, दीड हजार युनिट. सलाइनमध्ये कालवून ओठात आणि नाकाच्या बाजूने जागोजागी टोचलं. ही किंचाळली, सासूबाईंनी (हो, त्या गाडीत येऊन बसल्याच) तिचा हात धरला. मग चोळलं, कोमट शेक, तासाभराने परत दाबून बघितलं, चार सेकंद. परत टोचलं. पुढच्या तासाला परत. तिसऱ्या खेपेनंतर मॅडमनी बोट काढलं आणि रंग भरभर आला. नाकपुडीजवळची जाळी अजून अर्धी आहे, पण फिकट. आजची रात्र इथेच ठेवलंय.

ओठ पूर्वीसारखे झालेत, सगळं फिलर गेलं. त्यावरून ती रडतेय आणि मी हसतेय, दोघींनाही कारण सांगता येत नाहीये.

गिरगावकरीण | सोमवार, ६.१०

जीव भांड्यात पडला ग बाई.

दादरचा_दामू | ६.२५

सिद्धिविनायकाला जाऊन येतो.

कटिंगचहा | ९.१५

एक प्रामाणिक प्रश्न. केलं तिथे सकाळी गेले असते तर? त्यांच्याकडे हे औषध असतंच ना?

त्वचावाली | ९.४०

असायलाच हवं. माझ्या मते ज्याच्या फ्रीजमध्ये हायल्युरोनिडेज नाही त्याने फिलरची सुई उचलू नये. करून घेणारीने आधीच विचारावं, "आत्ता मला दाखवा." दाखवायला जो कुरकुरेल तिथून उठून यावं. नाव विचारून महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत ते आहे का बघावं. खोका समोर उघडायला लावावा, त्यावर बॅच नंबरचे सोलून काढायचे स्टिकर असतात, एक तुमचा. आणि रात्रीचा नंबर कुणाचा ते लिहून घ्यावं. रविवारी संध्याकाळी काम करून रात्री फोन बंद ठेवणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

सांजवेळ | ११.०५

रविवारचा मुद्दा पटला. मी नेहमी मंगळवारी सकाळी घेते, डॉक्टर दिवसभर तिथेच असते.

रसायनी | ११.२०

पण सगळ्यांनी एवढं घाबरायचं कारण नाही ना? सूज आली की पळत सुटायचं, असं व्हायचं.

त्वचावाली | दुपारी २.००

नाही, आणि हे प्रकार क्वचितच होतात. फक्त सूज असेल, दोन्हीकडे रंग आहे, दाबल्यावर लगेच परत येतोय, तर शांत राहा. पण पहिले एक-दोन दिवस चार-सहा तासांनी दाबून बघा, कारण ब्लॉक कधीकधी उशिरा लागतो, दुसऱ्या दिवशीसुद्धा. तीन-चार दिवसांनी सूज उतरायची सोडून लाल, गरम, ठसठसणारी झाली, ताप आला, तर ती लागण, तेही त्याच दिवशी दाखवायचं. कुठलंही दुखणं नाही, नुसती निळसर झाक महिनोन्‌महिने दिसतेय, तर फिलर फार वरच्यावर बसलंय, त्याला घाई नाही. ओठाच्या वर मिशीच्या जागी फुगवटा आला असेल तर जेल सरकलंय, त्यालाही घाई नाही.

मोगरा_डोंबिवली | बुधवार, संध्याकाळी ७.३०

काल घरी आलो. नाकपुडीच्या खाली तांदळाएवढी एक खपली आहे, बाकी रंग पूर्ण. डॉक्टर म्हणाल्या, डाग राहिलाच तर बारीक. तक्रार करायची आहे, पण पावती "ब्युटी पॅकेज" नावाने आहे, त्यावर ना डॉक्टरचं नाव ना फिलरचं. वकील मैत्रिणीशी बोलतेय, इथे त्या जागेचं नाव लिहिणार नाही, विचारू नका.

सासूबाई तिला एवढंच म्हणाल्या, "मला सांगितलं असतंस तर मी बरोबर आले असते." मला काहीच म्हणाल्या नाहीत. ते जास्त लागलं.

पार्लरताई | बुधवार, रात्री ९.००

साखरपुड्याचा मेकअप माझ्याकडून. खपली पडल्याशिवाय तिथे काही लावायचं नाही. ओठाला ओव्हरलाइन (कडेच्या जरा बाहेरून पेन्सिलने रेघ) कशी करायची ते मी दाखवते, सुई नाही, काही नाही, रात्री पुसलं की गेलं.

वाचनमात्र | पाच आठवड्यांनी, रात्री ११.१५

अकरा वर्षं इथे नुसती वाचते, पहिल्यांदाच लिहितेय. धागा वर काढतेय म्हणून माफी.

मी गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी खालच्या ओठात फिलर घेतलं होतं, काहीही त्रास झाला नाही. मागच्या आठवड्यात दाढेला पू झाला, रूट कॅनाल सुरू आहे. परवापासून ओठात वाटाण्याएवढी घट्ट गाठ, जरा लालसर, दुखरी. वरचं सगळं वाचून दाबून बघितलं, रंग लगेच येतो. मग हे काय? इतक्या महिन्यांनी?

त्वचावाली | रात्री ११.४०

रंग लगेच येतोय म्हणजे मोगराच्या घरचा प्रकार नाही, आज रात्री धावायची गरज नाही. पण उद्या-परवा दाखवाच.

उशिरा येणारी सूज किंवा गाठ असते. फिलर आत असेपर्यंत शरीराला ते कधीही खुपू शकतं, आणि निमित्त बहुधा दुसरंच असतं : दातांची लागण, फ्लूसारखा ताप, कधी लस. २०२० मध्ये मॉडर्नाच्या कोविड लशीच्या चाचणीतही फिलर घेतलेल्या मोजक्या लोकांना त्या जागी सूज आल्याची नोंद आहे, आणि ती उतरली. तुमच्या बाबतीत दाढ जवळच आहे. गाठ दाबू-चोळू नका. आधी अँटिबायोटिक की लगेच विरघळवायचं, हे हात लावून बघणाराच ठरवेल. दातांच्या डॉक्टरांनाही फिलरबद्दल सांगा, बहुतेक जणी सांगत नाहीत. आणि कुठलं फिलर होतं ते शोधा.

वाचनमात्र | रात्री ११.५८

दातांच्या डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, लाज वाटली.

गिरगावकरीण | १२.०३

दाढ उघडी टाकून तास तास त्यांच्यासमोर पडून असतेस, त्यात कसली ग लाज.

वाचनमात्र | १२.२०

:) हो.

उद्या साडेअकराची वेळ घेतली. खोका सापडला, गणपतीच्या मखराच्या पिशवीत होता. स्टिकर अजून चिकटलेला आहे.